बेवारस फुटेज



स्मृतिव्याख्यानासाठी मी भुताचा सिनेमा हा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकदोघांच्या कपाळावर आठी उमटली, असं कानावर आलं आहे. साहजिक आहे. या व्यासपीठावर सहकार, शिक्षण, संतसाहित्य, वाढवण बंदर असे भारदस्त विषय होतात. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते सर शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं तर हिडीसफिडीस करायचे नाहीत. एवढंच विचारायचे, "तू पाहिलंस? नाही ना? मग कुणी पाहिलं?" आजचं माझं बोलणं या शेवटच्या प्रश्नाभोवतीच आहे. तेव्हा सरांची हरकत नसती असं धरून चालतो.

'रागिनी एमएमएस' हा हिंदी चित्रपट 13 मे 2011 रोजी प्रदर्शित झाला. निर्माती एकता कपूर. दिग्दर्शक पवन कृपलानी, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. कैनाझ मोतीवाला आणि तेव्हा राजकुमार यादव या नावाने ओळखला जाणारा राजकुमार राव, असे दोन जवळजवळ अनोळखी चेहरे. एक एकाकी फार्महाऊस, मोजकी पात्रं, हातातला कॅमेरा आणि घरात लपवून ठेवलेले कॅमेरे. चित्रपटाचं नाव असं की घरात मोठ्याने उच्चारायची चोरी. लोक काय बघायच्या आशेने तिकीट काढत होते हे सांगायला नको. आत गेल्यावर मात्र त्यांची तंतरली. मी पाहिला तेव्हा सुरुवातीला मागच्या रांगांतून शिट्ट्या येत होत्या. मध्यंतरानंतर त्या रांगा इतक्या गप्प झाल्या की प्रोजेक्टरची घरघर ऐकू यावी.

हा थोर चित्रपट आहे असं माझं म्हणणं नाही. संवाद सुमार आहेत, सुरुवात रेंगाळते, दुय्यम पात्रं उगाच आणल्यासारखी वाटतात. पण भीती खरी आहे. आणि ती एवढ्या थोड्या सामग्रीतून कशी निघाली, हे बघण्यासारखं आहे.

या प्रकाराला फाउंड फुटेज म्हणतात. म्हणजे तुम्ही चित्रपट पाहत नसून कुठेतरी सापडलेलं, कुणीतरी मागे सोडून गेलेलं चित्रण पाहत आहात, अशी बतावणी. नेहमीच्या भयपटात आपण घाबरतो तरी मनातून निर्धास्त असतो, कारण दिग्दर्शक नावाचा माणूस सगळं जाणून आहे आणि तो आपल्याला खुणा करत राहतो. पार्श्वसंगीत चढायला लागलं की आपण उशी छातीशी धरतो. कॅमेरा दाराकडे सरकला की दारातून काहीतरी येणार हे कळतं. फाउंड फुटेजमध्ये हा जाणता माणूस काढून घेतलेला असतो. कोपऱ्यात लावलेल्या कॅमेऱ्याला अक्कल नसते. जिकडे बघायला हवं तिकडे तो वळत नाही, आणि जिथे काहीच नाही तिथे तासभर टक लावून बसतो. मग प्रेक्षकच चौकटीचा कानाकोपरा धुंडाळायला लागतो. पलंगाखालचा काळोख, अर्धवट उघडं दार, खुर्चीवरचा दुपट्टा. घाबरवण्याचं निम्मं काम तो स्वतःच, फुकटात करून देतो.

यात पैशाचा हिशेब उलटा होतो. आपल्याकडे स्वस्त भयपटांची परंपरा रामसे बंधूंची. 1972 चा त्यांचा 'दो गज जमीन के नीचे' महाबळेश्वरात चित्रित झाला होता. रामसेंना स्वस्तपणा लपवावा लागे. त्यासाठी धूर, निळा प्रकाश, मुखवटा, किंचाळ्या. फाउंड फुटेजवाला स्वस्तपणा मिरवतो. हललेलं चित्र, घोगरा आवाज, अपुरा उजेड, कोपऱ्यातली तारीख-वेळ हे महागड्या चित्रपटातले दोष इथे पुरावा म्हणून उभे राहतात. ओरेन पेली या माणसाने 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' सॅन डिएगोतल्या स्वतःच्या राहत्या घरात, साधारण आठवड्याभरात, सुमारे 15,000 डॉलरमध्ये चित्रित केला. 2009 साली तो सर्वत्र प्रदर्शित झाल्यावर जगभरातून 19 कोटी डॉलरच्या वर कमाई झाली. आपली मंडळी हा आकडा ऐकून लगेच कॅमेरा उचलतात. थोडं थांबा, असल्या आकड्यांच्या मागची गोष्ट अजून यायची आहे.

सगळ्यांना वाट दाखवली ती 1999 च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने. दिग्दर्शक डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ. तीन तरुण मेरीलँडच्या जंगलात एका चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करायला जातात आणि परत येत नाहीत. त्यांचं चित्रण तेवढं सापडतं. चित्रीकरण आठ दिवसांचं. कॅमेरा कलाकारांच्याच हातात. दिवसाच्या सूचना त्यांना डब्यांतून चिठ्ठ्या ठेवून मिळत. दिग्दर्शक रात्री तंबूबाहेर येऊन आवाज काढत, तंबू हलवत. रोजचं खाणं कमी कमी केलेलं, म्हणजे चिडचिड करायला अभिनय नको. आणि चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही.

त्यात एक प्रसंग आहे. तिघं दिवसभर एकाच दिशेने चालतात आणि संध्याकाळी सकाळच्याच ओंडक्यापाशी येऊन पोहोचतात. अमेरिकन समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. जव्हार-मोखाड्याच्या कुठल्याही आजीने पहिल्याच मिनिटाला सांगितलं असतं की पोरांना चकवा लागला, बसा तिथेच उजाडेपर्यंत. चकव्याला रूप नसतं, दात-नखं नसतात, तो काही करत नाही. फक्त वाट परत स्वतःपाशी आणून सोडतो. आपल्या लोककथांतली ही सर्वांत कमी खर्चाची भीती. हडळ, खवीस, मुंजा या सगळ्यांना वेशभूषा लागते, चकव्याला काहीच नाही. मराठीत कुणी यावर फाउंड फुटेज का केलं नाही याचं मला नवल वाटत आलं आहे. कन्नडमध्ये 2013 साली '6-5=2' या नावाने जंगलात ट्रेकला गेलेल्या मित्रांचा असा चित्रपट झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याची हिंदी आवृत्ती निघाली.

'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'बद्दल मात्र आपल्या पालघर जिल्ह्यातल्या लोकांना मी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. त्यात काय आहे? रात्री झोपलेलं जोडपं, पायथ्याशी स्थिर कॅमेरा, कोपऱ्यात धावणारी वेळ. वेळ भराभरा पुढे पळते आणि एकदम नेहमीच्या गतीवर येते. ती मंदावली की प्रेक्षकाचा श्वास अडकतो. मग जमिनीतून यावी तशी खालच्या पट्टीतली घरघर, आणि दार हलतं. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नेमकं हेच चाललं होतं, फक्त चित्रपट नव्हता. धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांवर हादरे, आणि हादऱ्याआधी किंवा बरोबर जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज. भांडी वाजायची, कौलं सरकायची. 1 फेब्रुवारी 2019 ला एका दिवसात अनेक धक्के बसले, त्यातला मोठा 4.1 तीव्रतेचा. त्या पळापळीत एका लहानगीचा पडून जीव गेला. ऐन थंडीत लोक घरं सोडून तंबूत, उघड्यावर झोपले. बाहेरची थंडी परवडली, पण स्वतःच्या घराचं छप्पर नको झालं.

तिथेही यंत्रं लावली गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भूकंपमापकं बसवली आणि सांगितलं की ही लहान लहान धक्क्यांची मालिका आहे, कमी खोलीवरची, म्हणून आवाज एवढा जवळून येतो. खडकांच्या भेगांत मुरलेल्या पाण्याचा त्यात हात असावा अशीही मांडणी झाली. एवढ्याने हादरे थांबले नाहीत. पण एक फरक पडला असं मला वाटतं. ज्या नोंदीला वेळ आहे, खोली आहे, तीव्रता आहे आणि ती घेणाऱ्या संस्थेचं नाव आहे, तिच्याकडे बघून माणूस निदान प्रश्न विचारू शकतो. सिनेमातल्या जोडप्याच्या कॅमेऱ्याजवळ यातली वेळ तेवढी आहे, बाकी काहीच नाही. ते रोज सकाळी आदल्या रात्रीचं चित्रण बघतात आणि आदल्या दिवसापेक्षा जास्त घाबरतात.

फाउंड फुटेजचं हे तंत्र सिनेमाने शोधलं असं कृपा करून समजू नका. 1897 ची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी रोजनिश्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि फोनोग्राफवरच्या नोंदी अशा कागदपत्रांचीच बनली आहे. म्हणजे सापडलेलं बाडच. मराठीत नारायण धारपांनी भीती आपल्या वाड्यांत, बिऱ्हाडांत, नोकरदारांच्या बदलीच्या गावांत आणून बसवली. रत्नाकर मतकरींनी ती माणसाच्या मनात नेली. पण या पुस्तकांवर लेखकाचं नाव असतं, आणि तेवढा एक धागा वाचकाच्या हातात राहतो.

आपल्याकडचा सर्वांत जुना भयाचा खेळ तर नावानिशी चालतो. मोखाडा-जव्हारकडे बोहाड्याच्या रात्री टेंभ्यांच्या उजेडात मुखवटे चढवून देव-दैत्य येतात, संबळ वाजतं, आणि पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदराआड जातात. ती खरोखर घाबरलेली असतात. तरी मुखवट्यामागे कोण आहे हे गावाला पाठ असतं. सोंगाचा मान घराण्याकडे चालत आलेला असतो. दैत्य सकाळी बैल सोडताना दिसतो. भीती पूर्ण, पण तिचा धनी ठाऊक.

आता 'रागिनी'कडे परत येऊ, कारण तिच्यात जे आहे ते ना मेरीलँडच्या जंगलात आहे ना सॅन डिएगोच्या बेडरूममध्ये.

अमेरिकन चित्रपटांत कॅमेरा साक्षीदार असतो. मुलं माहितीपट करतात, प्रियकर घरातल्या आवाजांचा छडा लावतो. हेतू भला. 'रागिनी'त कॅमेराच गुन्हा आहे. उदय नावाचा प्रियकर रागिनीला शनिवार-रविवारसाठी फार्महाऊसवर आणतो तो तिच्या नकळत तिचं चित्रण करायला. कॅमेरे आधीपासून लपवलेले आहेत. भूत येण्याच्या कितीतरी आधी ते घर झपाटलेलं आहे. गंमत म्हणून लावलेल्या हातकडीने रागिनी पलंगाला अडकते, आणि त्यानंतर तिच्यावर दोन नजरा आहेत: एक त्या घरात भूत होऊन राहिलेल्या बाईची, दुसरी भिंतीतल्या भिंगाची. पहिलीला निदान बोलता येतं.

2004 साली दिल्लीतल्या शाळकरी मुलांचं खासगी चित्रण फोनवरून पसरलं, त्या एमएमएस प्रकरणापासून आपल्याकडच्या मुलींच्या डोक्यावर ही दुसरी नजर कायमची बसली होती. कुणाचं खासगी चित्रण संमतीवाचून घेणं आणि पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात स्वतंत्र गुन्हा ठरला तो 2009 मध्ये. दिबाकर बॅनर्जींच्या 2010 च्या 'लव्ह सेक्स और धोखा'तही राजकुमार राव दुकानाच्या सीसीटीव्हीसमोर एका मुलीला फसवणारा माणूस होतो. म्हणजे सुरुवातीच्या दोन मोठ्या भूमिकांत या गुणी नटाने एकच पाप दोनदा केलं. त्या चित्रपटाचं समीक्षकांनी कौतुक केलं, 'रागिनी'ला मसाला म्हणून बाजूला ठेवलं. मला विचाराल तर छुप्या कॅमेऱ्याची किळस 'रागिनी'त जास्त अंगावर येते. कारण तिथे प्रेक्षक स्वतः त्या चित्रणाच्या आशेने आलेला असतो आणि चित्रपट त्याला त्याच कॅमेऱ्यामागे बसवून घाबरवतो.

आणि ते भूत. ते मराठी बोलतं. हिंदी चित्रपटातलं भूत मराठी! घरातली ती बाई पुन्हा पुन्हा एकच सांगत राहते की आपण चेटकीण नाही.

लखनौ किंवा पाटण्यात बसलेल्या प्रेक्षकाला ही न समजणारी घोगरी बडबड होती, आणि न समजल्यामुळे ती अधिक भयंकर होती. दिग्दर्शकाचा हिशेब तोच असणार. पण हा चित्रपट बोईसरच्या एखाद्या खोलीत बघा. तारापूर एमआयडीसीत नाइट शिफ्ट करून आलेली पाच पोरं, दोन उत्तर प्रदेशातली, एक ओडिशाचा, दोन इथली. एकाच मोबाइलवर एकच चित्रपट चालू आहे. तिघांना गुरगुरणं ऐकू येतं आणि दोघांना जबानी. एका खोलीत एकाच आवाजाचे दोन चित्रपट. इथल्या दोघांनाही भीती वाटते, पण त्यांच्या भीतीत ओळखीचं काहीतरी असतं.

कारण ही जबानी आपल्या भागाने ऐकलेली आहे. डहाणू-जव्हारच्या पाड्यांवर अशा बाईला भुताळी म्हणतात, सातपुड्यात डाकीण. मूल दगावलं, गाय आटली, तापाची साथ आली, की भगताकडे जायचं आणि भगताने बोट दाखवायचं. बहुतेक वेळा बोट वळतं ते विधवेकडे, एकटीकडे, जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे तिच्याकडे. मग ती ओरडून ओरडून सांगते की मी ती नव्हे. आणि तिचं तेच सांगणं तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतं. 2011 च्या प्रेक्षकानेही तेच केलं की! ती बाई निर्दोष असल्याचं तोंडाने सांगत होती आणि आपण दर वेळी सीटवरून उडत होतो.

चित्रपट आला तेव्हा जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं रखडलेलं होतं. त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात 20 ऑगस्ट 2013 ला खून झाला, त्यानंतर आठवड्याच्या आत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. कुणी करणी-भानामती करतो असं सांगून दहशत बसवणं, एखादी व्यक्ती सैतान आहे असं जाहीर करून तिला छळणं, मारणं, हे त्याच्या अनुसूचीत गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्या फार्महाऊसमधल्या बाईला हा कायदा उशिरा मिळाला, एवढंच.

इथून पुढचं बोलणं मला थोडं जड जाणार आहे.

चित्रपट आपलं कर्तेपण लपवतो, पण तात्पुरतं. तिकिटावर नाव असतं, सेन्सॉरचं प्रमाणपत्र असतं, शेवटी दिवे लागतात. 1980 च्या 'कॅनिबल होलोकॉस्ट'च्या दिग्दर्शकाला, रुज्जेरो देओदातोला, नट खरोखर मेले नाहीत हे इटलीत सिद्ध करून दाखवावं लागलं होतं. त्याने ते करून दाखवलं. आता अशी कल्पना करा की हीच युक्ती कुणी केली, पण तिकीट नाही, प्रमाणपत्र नाही आणि दिवे कधी लागतच नाहीत.

कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक छोटी फिल्म केली होती. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलून पळतात. दृश्य सीसीटीव्हीच्या चालीवर टिपलेलं. पुढे तेच दोघं परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि फलक दाखवतात की कराचीत मूल पळवायला एवढाच वेळ लागतो. कुणीतरी शेवटचा भाग कापला. उरलेला तुकडा आपल्याकडच्या फोनांवर फिरायला लागला, सोबत मजकूर की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे. हे फाउंड फुटेजच आहे. कमी खर्च, अनोळखी चेहरे, स्थिर कॅमेरा, पार्श्वसंगीत नाही. नाटक केलेलं दृश्य, कर्त्याची सही खरवडून सत्य म्हणून सोडलेलं. कात्री लावणाऱ्याने फिल्म स्कूलचं तोंड पाहिलं नसेल, पण 'ब्लेअर विच'चं मर्म त्याला बरोबर कळलं होतं.

असे तुकडे आणि असे संदेश देशभर फिरत होते त्या दिवसांत, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने मारून टाकलं. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. 7 एप्रिल 2020 ला फार वेळा फिरलेल्या संदेशांसाठी ती मर्यादा एकावर आणली.

त्यानंतर नऊ दिवसांनी आपलं गडचिंचले.

लॉकडाऊन होतं. चोर फिरताहेत, मुलं पळवतात, अवयव काढून नेतात अशा वार्ता पाड्यापाड्यांतून, काही फोनवरून तर काही तोंडोतोंडी, रात्री पसरत होत्या. गावं पहाऱ्याला बसली होती. त्याच आठवड्यात डहाणू तालुक्यात मदत वाटायला गेलेल्या डॉक्टरच्या पथकावरही हल्ला झाला होता. 16 एप्रिलच्या रात्री अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक गडचिंचल्याजवळ अडवले गेले, आणि पोलिसांच्या देखत जमावाने तिघांचा जीव घेतला. शंभरावर माणसांना अटक झाली.

त्या रात्रीचं मोबाइल चित्रण तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे. मी त्याचं वर्णन करणार नाही, मला ते भयपटाच्या शेजारी ठेवायचं नाही. सांगायचं आहे ते त्याच्या प्रवासाबद्दल. आधी बेवारस अफवेने माणसं मारली. मग त्या मारण्याचं चित्रण स्वतःच बेवारस झालं आणि देशभर निघालं. ज्याला जो मजकूर हवा तो त्याने खाली चिकटवला. कुणी त्याला धर्माचा रंग दिला. अटक झालेल्यांत एकही मुसलमान नाही हे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीरपणे सांगावं लागलं, यादी द्यावी लागली. पालघर हे नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं त्यांना ते त्या चित्रणामुळे कळलं. जिल्हा होऊन तेव्हा सहाही वर्षं झाली नव्हती.

कॅमेरा वाईट असं मी म्हणत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात वसईच्या किल्ल्यात बिबट्या दिसला. त्याच्याही क्लिपा फिरल्या, चार गावांच्या नावाने फिरल्या. पण वनखात्याने तिथे ट्रॅप कॅमेरे लावले. त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रावर वेळ असते आणि तो कॅमेरा कुठल्या झाडाला बांधला आहे हे माहीत असतं. पिंजरे लावले गेले आणि एप्रिलमध्ये बिबट्या पकडला गेला. तेही स्थिर कॅमेऱ्याचं, रात्रीचं, पार्श्वसंगीताविना चित्रणच होतं. जनावर खरं होतं, दातांचं होतं, आणि तरी कुणाचा जीव गेला नाही.

मघाशी 'पॅरानॉर्मल'च्या कमाईचा आकडा सांगून थांबलो होतो. 'ब्लेअर विच'ची कमाई त्याहून मोठी, जवळपास 25 कोटी डॉलर. तिथल्या तीन नटांची खरी नावंच पात्रांना दिली होती. प्रसिद्धीच्या काळात ते बेपत्ता आहेत, बहुधा मेले आहेत असं भासवलं गेलं, त्यांना लोकांसमोर येऊ दिलं नाही. त्यातल्या हेदर डोनाह्यूच्या आईला लोकांनी सांत्वनाची पत्रं पाठवली. मुलगी घरात जिवंत! आणि चित्रपटाने कोट्यवधी कमावले तेव्हा या तिघांच्या वाट्याला त्यातलं फार थोडं आलं. 2024 मध्ये, पंचवीस वर्षांनी, त्यांनी चित्रपट कंपनीला जाहीर पत्र लिहून आपला वाटा मागितला. कॅमेरा त्यांनीच धरला होता, संवादही बरेचसे त्यांनीच जागच्या जागी रचले होते. चित्रण सापडलेलं आहे असं म्हटलं की ते करणाऱ्याचं देणं लागत नाही, असा हा सोयीचा व्यवहार.

इकडे 'रागिनी'चा दुसरा भाग 2014 मध्ये आला. सनी लिओनी, गाणी, झगमगाट, पैसा भरपूर. सापडलेल्या चित्रणाची बतावणी सोडून दिलेली. गल्ला चांगला जमला. भीती मात्र कुठल्या कुठे गेली. आता तर कॅमेरा सगळं जाणून होता.

सभागृहात मागे कॉलेजची मुलं बसली आहेत आणि त्यांच्यातल्या काहींना चित्रपट करायचा आहे, असं मला येताना सांगण्यात आलं. मग दोन विषय देऊन जातो, मोफत. एक, धुंदलवाडीचा हिवाळा. तंबूत खांबाला बांधलेला एक फोन, तीन महिने. भूत आणू नका, जमिनीचा आवाज पुरे आहे, आणि तो ज्यांनी ऐकला ती माणसं अजून तिथेच राहतात, त्यांना बरोबर घ्या. दुसरा विषय अवघड. रागिनीच्या घरातल्या त्या बाईचा. पण कॅमेरा या वेळी तिच्या हातात द्या. पाड्यावर कुजबुज सुरू झाल्यापासून भगताचं बोट तिच्याकडे वळेपर्यंत तिला जे दिसतं तेवढंच दिसू द्या. ती वारलीत बोलेल, काठोडीत बोलेल, तिच्या घरात जे बोलतात ते बोलेल. खाली शब्द द्या, म्हणजे मागच्या रांगेला ते गुरगुरणं वाटणार नाही. कास्टिंग करताना एक लक्षात ठेवा: भगताला खलनायकासारखं रंगवलंत तर चित्रपट पडेल. तो गावातला समजूतदार, मदतीला धावणारा माणूस हवा. त्याने खरोखर कुणाचा तरी ताप उतरवलेला हवा.

थांबतो. प्रश्नांना वेळ ठेवला आहे. विरारकडे जाणाऱ्यांना गाडी गाठायची असते, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.